आधीचं राखून

मिनूच्या बाटलीत बोटभर दूध उरलं की रत्नप्रभा ते मोरीत ओतून टाकायची. बोटभर कशाला, तळाशी पांढरी रेघ दिसली तरी ओतायची. मग बाटली ब्रशने घासायची, उकळत्या पाण्यात बुडवायची, स्वच्छ फडक्यावर पालथी घालायची, आणि पुढच्या वेळी ताजं दूध कोरड्या बाटलीत. जुन्यात नवं मिसळायचं नाही. उन्हाळ्यात माहेरी असताना जुलाबांनी मिनू सुकून गेली होती. तेव्हा जळगावच्या दवाखान्यात तिच्या इवल्या हाताला सलाईन लावताना डॉक्टरांनी एवढं एकच वाक्य जरा आवाज चढवून सांगितलं होतं. सुई दुसऱ्या दिवशी निघाली, वाक्य मात्र रत्नप्रभाच्या अंगात तसंच रुतून राहिलं.

घरमालकीण इंदिराबाई समोरच्या ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या असत. मोरीतून पांढरं पाणी वाहताना दिसलं की त्यांचा हात थांबे.

"दूध गटारमा वतस का व माय? पाप लागी. बोकाले तरी टाक."

"डॉक्टरांनी सांगितलंय, अक्का."

"डाक्टरनी बोकाले दूध देऊ नको असं सांगं का?"

रत्नप्रभा बाटली घासायला घेई. तिचं माहेर बोदवडचं. तिकडची बोली वेगळी, आणि इंदिराबाईंची अहिराणी तिला अर्धी कळे, अर्धी अंदाजाने. धुळ्यात देवपूरला ही खोली घेऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. नवरा अभिमन कापसाच्या फवारणीच्या औषधांच्या कंपनीत. सोमवारी सकाळी मोटरसायकलला बॅग बांधून शिरपूर, शहादा, नंदुरबारकडे निघायचा, तो शनिवारी संध्याकाळी उगवायचा. आल्याबरोबर अंगणातच साबण लावून आंघोळ. त्याशिवाय लेकीला हात लावायचा नाही, हा रत्नप्रभाचा नियम. "शेतकरी डबाच्या डबा औषध हाताने कालवतात, त्यांना काही होत नाही," अभिमन पाणी ओतून घेत कुरकुरायचा. "तुम्हाला कसं माहीत काही होत नाही ते?" ती आतून विचारायची. रविवार कपडे धुण्यात आणि त्याच्या झोपेत जायचा. सोमवारी पुन्हा मोटरसायकल.

मधल्या दिवसांत तिचं बोलणं मिनूशी. ते बोलणं बोबडं होत होत इतकं बोबडं झालं, की एका सकाळी दूधवाला दारात उभा असताना ती त्याला म्हणाली, "दुदू आनलं?" दूधवाल्याने मान खाली घालून माप ओतलं.  बीएस्सीला गणितात तिला जळगावच्या कॉलेजात पहिला वर्ग होता. आता दिवसभरात आपण एक तरी वाक्य नीट, शेवटापर्यंत बोललो का, हे ती संध्याकाळी आठवून बघायची आणि बहुतेक दिवस तसं वाक्य सापडायचं नाही.

पावसाळ्यात आई येऊन राहिली होती तेव्हा मात्र गोष्ट वेगळी होती. आईच्या मांडीवर मिनूला टाकून रत्नप्रभा पांझरेच्या पुलापलीकडे, आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत बी. डी. सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जायची. सरांचं नाव भाईदास. पण पाटीवर 'बी. डी.' रंगवल्यापासून आपली आईसुद्धा आपल्याला बी. डी. म्हणते, असं ते स्वतःच सांगून हसत. त्र्याण्णव साली धुळ्यात कॉम्प्युटर म्हणजे नवलच होतं. खोलीला पडदे, आत गारवा, चपला बाहेर काढायच्या. देवळातसुद्धा पोरी इतक्या आवाज न करता जात नसत, जितक्या इथे जात. रत्नप्रभाने तिथे सी भाषा शिकली. निळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि एका मशीनवर दोघी.

परीक्षेत एकाच ठिकाणी ती घसरली होती. दहा आकडे एकामागून एक घ्यायचे आणि बेरीज दाखवायची, एवढाच प्रोग्राम. तिच्या मशीनने बेरीज म्हणून दाखवला तो फक्त शेवटचा आकडा. k मध्ये n ची भर घाल, म्हणजे k += n, असं लिहायचं तिथे तिने नुसतं k = n लिहिलं होतं. बी. डी. सर मागे उभे राहून म्हणाले होते, "मॅडम, तुमच्या डब्याला बूड आहे, पण पोट नाही. नवं आलं की जुनं बाहेर!" सगळे हसले. तीही हसली. घरी येताना पुलावर मात्र तिला वाटत राहिलं, एवढं साधं आपल्याकडून कसं चुकलं? कळत नव्हतं असं नाही. हाताने आपोआप तसंच लिहिलं होतं.

मग वडिलांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, आई बोदवडला परत गेली, आणि क्लासही सुटला.

एका सोमवारी अभिमन गेल्यावर थोड्या वेळाने दारात लुना थांबली. बी. डी. सर आत आले नाहीत, लुनावर बसूनच बोलले.

"मॅडम, मुलींची बॅच सुरू केलीय दुपारची. तिला शिकवायला ठेवलेले सर नाशिकला गेले. जाताना पोरींना 'प्लस-इक्वल पाठ करा' सांगून गेले. पोरींनी पाठ केलं, आणि आता प्रत्येकीचं उत्तर चुकतंय. बुधवारी एक तास घेता? मी मागे बसतो. जमलं तर बॅच तुमची, रोज दोन तास."

"आणि नाही जमलं तर?"

"एक मुलगा तयार आहे. पण मुलींच्या आयांना बाई हवीय." त्यांनी लुना चालू केली. "उद्यापर्यंत कळवा. आणि हो, तोच धडा. तुम्हीच तिथे पडला होतात, म्हणून तुम्हालाच विचारतोय."

लुना गेली तरी रत्नप्रभा दारातच उभी. आत मिनू पाळण्याच्या दांड्याशी झटापट करत होती. रोज दोन तास. दोन तास पूर्ण वाक्यं. आणि दोन तास मिनू कोणाकडे? तिने समोर पाहिलं. ओट्यावर इंदिराबाई, आणि त्यांच्या पायाशी तो बोका.

दुपारी तिने जमिनीवर वाट्या मांडल्या. घरी मशीन नव्हतं, तेव्हा सरांनी शिकवलेली रीत हीच होती. एकेका नावाला एकेक घर, हाताने एकेक ओळ चालवून बघायची. एका वाटीला तिने k मानलं, शेंगदाणे घेतले. k = 5. पाच दाणे घातले. k += 3. तिचा हात वाटीकडे गेला आणि तिने वाटी उलटी केली.

ती स्वतःच चमकली. मिनूने सांडलेल्या दाण्यांवर झडप घातली. रत्नप्रभाने तिच्या मुठीतून, मग तोंडातून दाणे काढले, घसा तपासला, पाणी पाजलं. हे सगळं होईपर्यंत धडा बाजूलाच राहिला. पण वाटी उलटी करणारा हात तिला दिसत राहिला. बाटली उलटी करणारा तोच हात होता.

संध्याकाळी ती विचारायला म्हणून समोर गेली.  इंदिराबाई दही लावायला बसल्या होत्या. मातीच्या गाडग्यात तळाशी कालचं दही होतं, कडेला साय चिकटलेली. त्यावर त्या कोमट दूध ओतणार, तोच रत्नप्रभा म्हणाली,

"अक्का, आधी धुवा ना ते भांडं!"

इंदिराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी चुलीत पाणी ओतायला सांगितलंय.

"धुई टाकं त दही लागी कसावर व?" आणि त्यांनी दूध ओतलं, धार न तोडता. "दवाखानानं दूध न्यारं, घरनं दही न्यारं. बठ्ठं एकच नई ऱ्हास."

रत्नप्रभा त्या गाडग्याकडे बघत राहिली. तळाशी जे होतं ते दिसेनासं झालं होतं, पण गेलं नव्हतं. उद्या सकाळी या सगळ्या दुधाला तेच धरून ठेवणार होतं. बाटलीला बाटलीचा नियम, गाडग्याला गाडग्याचा. आपण मात्र एकच नियम धरून बसलो, उन्हाळ्यापासून सगळ्यालाच लावला. वाट्यांना, शेंगदाण्यांना, कोण जाणे आणखी कशाकशाला.

"अक्का, बुधवारी दुपारी मिनूला बघाल का?" तिने एका दमात विचारलं. "पण दूध मी सांगेन तसंच द्यायचं. उरलेलं पुन्हा नाही. झाकून ठेवून नाही, गरम करून नाही, नाहीच."

"पाच लेकरं मोठा करात मी," इंदिराबाई गाडग्यावर झाकण ठेवत म्हणाल्या.

"हो, पण…"

"आते बठ्ठा सुरतले शेतस. यंत्रमागवर. दिवाळीले येतस, तेबी एखादा." झाकणावर त्यांनी हात तसाच ठेवला होता. "जाय तू. बिनघोर जाय."

बिनघोर! रत्नप्रभाला तो शब्द ऐकूनच घोर लागला.

मंगळवारी तिने सरांच्या घरी जाऊन होकार कळवला. बुधवारी इस्त्रीची साडी नेसली. मिनूला इंदिराबाईंच्या मांडीवर दिलं, बाटली दाखवली, पुन्हा दाखवली. मिनू बोक्याच्या शेपटीकडे बघत होती. "मी येते हं," रत्नप्रभा म्हणाली. मिनूने मानसुद्धा वळवली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत रडण्याचा आवाज येईल म्हणून ती कान मागे ठेवून चालली. आला नाही. रिक्षा पुलावर आल्यावर तिला वाटलं, आवाज आला असता तर बरं झालं असतं, परत तरी फिरता आलं असतं.

क्लासच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग पडला होता आणि कडेला त्या ठेवायला वेताची मोठी टोपली. टोपली रिकामी, ढीग बाहेर. आत मुली बसल्या होत्या. पुढे सुगंधा नावाची एक, डोळ्यांतच हसू असलेली. शेवटच्या मशीनवर कस्तुरा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली, वसतिगृहात राहणारी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. बी. डी. सर मागे खुर्ची टाकून बसले.

"k = k + 3," रत्नप्रभाने फळ्यावर लिहिलं. "शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी काय केलं असतं?"

"पट्टी मारली असती," सुगंधा म्हणाली.

"बरोबर. कारण तिथे ते खोटं आहे. कुठलीही संख्या स्वतःहून तीनने मोठी नसते. पण इथे हे विधान नाही, हुकूम आहे. आधी उजवीकडचं सगळं करायचं. k च्या घरात आत्ता जे आहे ते घे, त्यात तीन मिळव, आणि आलेलं उत्तर परत त्याच घरात ठेव. हेच थोडक्यात लिहिलं की k += 3." तिचा आवाज तिला अनोळखी वाटत होता. वाक्य सुरू व्हायचं आणि संपायचंसुद्धा. "नुसतं k = 3 म्हटलं, तर घर रिकामं करून तीन ठेवले. आधीचं गेलं."

"आणि चिन्हं उलटी लिहिली तर? आधी इक्वल, मग प्लस?" कस्तुराचा बारीक आवाज आला. तिच्या पडद्यावर तेच होतं. k =+ 3.

रत्नप्रभा तिच्याजवळ गेली. "तुझ्या मशीनने चूक दाखवली?"

"नाही ना. गपचूप चाललं. उत्तर मात्र शेवटचाच आकडा येतो."

"कारण त्याने वाचलं, k मध्ये अधिक तीन ठेव. म्हणजे तीनच. त्याच्या दृष्टीने तू काहीच चुकली नाहीस, म्हणून ते तक्रार…"

आणि लाईट गेली.

पडदे काळे झाले, गारव्याची घरघर बंद पडली. "गेलं सगळं!" कोणीतरी ओरडलं. पोरींनी वह्या मिटल्या. धुळ्यात दुपारची लाईट गेली की कधी येईल ते कोणी सांगायचं नाही. बी. डी. सर उठले. "राहू द्या मॅडम आज. बघू पुढे."

पुढे म्हणजे तो मुलगा, हे रत्नप्रभाला कळलं. आणि दुसरंही कळलं, देवपूरलाही लाईट गेली असणार. पंखा बंद. मिनू घामाघूम. जायला आता निमित्त होतं, कोणी दोष दिला नसता. ती दाराबाहेर आली, चपला शोधायला वाकली. तिची चप्पल ढिगात खाली गेली होती. शेजारी ती रिकामी टोपली.

ती उभी राहिली. "या गं सगळ्या बाहेर," ती म्हणाली. "ही टोपली म्हणजे k."

पोरी दारात गोळा झाल्या. तिने टोपलीत पाच चपला टाकल्या. "k किती?"

"पाच."

"आता k += 3. सुगंधा, कर."

सुगंधाने तीन चपला उचलल्या. "मॅडम, यातली एक माझी नवी आहे, तुमच्या k मध्ये हरवायला नको."

"हरवणार नाही, तेच तर शिकतोय. किती झाल्या?"

"आठ!"

"k -= 2."

दोन बाहेर आल्या. "सहा!" आता सगळ्याच ओरडत होत्या. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून पाहिलं.

"आता बघा हं, फसवते. k *= 1 + 1."

"सहा एके सहा, अधिक एक, सात," एकजण म्हणाली.

"नाही. उजवीकडचं आधी पूर्ण करायचं, मग डावीकडे जायचं. एक आणि एक दोन. सहा दुणे बारा. मधेच डाव्या घराला हात लावायचा नाही. कस्तुरा, आता तू. तुझ्या मशीनवर होतं ते कर. इक्वल-प्लस तीन."

कस्तुरा पुढे आली. टोपलीकडे पाहिलं, मग रत्नप्रभाकडे. तिने टोपली उचलली आणि उलटी केली. चपलांचा धबधबा पायरीवरून खाली गेला. पोरी किंचाळून हसल्या. कस्तुराने रिकाम्या टोपलीत तीन चपला एकेक करून ठेवल्या.

"म्हणजे मी दर वेळी हे करत होते," ती म्हणाली.

"हो," रत्नप्रभा म्हणाली. "मीसुद्धा."

चपलांच्या जोड्या लागेपर्यंत बराच वेळ गेला. बी. डी. सर हातात एकच चप्पल घेऊन उभे होते. "माझी दुसरी कुठल्या k मध्ये गेली?" मग म्हणाले, "उद्यापासून या, मॅडम. टोपली मी मोठी आणतो."

रिक्षात ती हसत होती. पूल आला तसं हसू ओसरलं. हे सांगायचं कोणाला? अभिमन कुठल्या गावात असेल, माहीत नाही. शनिवारपर्यंत हे शिळं होईल, आणि तो ऐकता ऐकता झोपेल. बोदवडला फोन नाही. मिनूला सांगावं, तर मिनूला बोबडं सांगावं लागेल. चपलांचा धबधबा बोबड्या बोलात कसा सांगायचा?

गल्लीच्या टोकाला तिने कान दिला. रडणं नव्हतं. ती जवळजवळ पळत दारात पोचली. मिनू ओट्यावर, घामाने ओली, गालाला दही लागलेलं, बोक्याशी काहीतरी बोलत होती.

"रडली?"

"एकदाबी नई," इंदिराबाई म्हणाल्या. "तुन्ही यादबी करी नई."

त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं. रत्नप्रभाने बाटली शोधली. ती धुऊन फडक्यावर पालथी घातलेली होती.

"उरेल दूध बोकाले टाकी दिधं. तू सांगेल व्हतं तसंच करं." मग इंदिराबाई पुढे सरकल्या, डोळे चमकत होते. "आनि ऐक! उभी ऱ्हायनी तुन्ही पोर! आथा, या खांबले धरीसनी. मंग हात सोडी दिधा!"

रत्नप्रभाने लेकीला उचलून छातीशी धरलं. मिनूने तिच्या पदराला नाक लावलं, खडूचा वास आल्यावर शिंकली. रत्नप्रभाने तिला खांबाशी उभं केलं, हात धरले, हळूच सोडले. मिनू बदकन बसली. पुन्हा उभं केलं. पुन्हा बसली, आणि बोक्याकडे रांगत गेली.

"आते नई ऱ्हावानी," इंदिराबाई म्हणाल्या. "थकनी ती."

ऊन ओट्यावरून उतरलं. रत्नप्रभा खांबाशी बसून होती. मिनू परत उभी राहील, आज ना उद्या, कदाचित उद्या दुपारीच. मग पाऊल टाकेल. तेही दुपारीच टाकेल. दुपारी ती पुलापलीकडे असेल, आणि बघायला इंदिराबाई असतील आणि बोका. नाही जायचं म्हटलं तर अजून सांगता येईल, सरांचं घर काही लांब नाही. तिने हे सगळं स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं. मग उठून उद्याची साडी ट्रंकेतून काढून पाटावर ठेवली, आणि परत ओट्यावर आली.

"अक्का, कशी उभी राहिली, सांगा ना."

इंदिराबाईंनी सांगितलं. खांब, हात, हात सोडले.

"पुन्हा एकदा."

या वेळी मिनू उभी राहताना हसलीही होती. रत्नप्रभाने विचारलं, "कोणाकडे बघून?" इंदिराबाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "दारकडे." पहिल्यांदा सांगताना दार नव्हतं. रत्नप्रभाच्या ते लक्षात आलं होतं. अक्का दर वेळी आधीचं तसंच ठेवत होत्या आणि वर थोडं घालत होत्या, धार न तोडता.

समोरच्या घरात चूल पेटल्याचा धूर आला. मिनू बोक्याच्या अंगावर डोकं टेकून पेंगत होती.

"आणि मग?" रत्नप्रभा म्हणाली. "दाराकडे बघून हसली, आणि मग?"